बावीस भगिनी

अमेरिकेंतील विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळास 'सॉरॉरिटी' म्हणतात. शब्द कानांस परका खरा. पण त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन 'सोरोर' हा आपल्या संस्कृत 'स्वसृ'चा सगोत्रच होय. दोहोंचा अर्थ बहीण.

वॉशिंग्टनचें हॉवर्ड विद्यापीठ १८६७ सालीं स्थापन झालें. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचें तें मोठें केंद्र. तेथें १९०८ पासून 'आल्फा कॅप्पा आल्फा' हें भगिनीमंडळ चालत होतें. १३ जानेवारी १९१३ रोजीं त्यांतील २२ विद्यार्थिनींनीं वेगळी चूल मांडली आणि 'डेल्टा सिग्मा थीटा' स्थापन केलें. एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस वेगळें होण्यांतील कटुता निराळी सांगावयास नको. मात्र येथें तंटा भांड्याकुंड्यांचा नव्हता. मंडळानें आपसांतील जिव्हाळ्यावर न थांबतां सार्वजनिक कार्यांत उतरावें, असा या मुलींचा आग्रह होता. मूळ मंडळही खचलें नाहीं. त्याच महिन्यांत त्यानें आपली रीतसर नोंदणी करून घेतली. दोन्ही घरें आजही नांदतीं आहेत.

सातच आठवड्यांत कसोटीचा दिवस आला. ३ मार्च रोजीं, म्हणजे विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशीं, मताधिकारासाठीं स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली. डेल्टा भगिनी तींत सामील झाल्या. पण एक पुरुष प्राध्यापक सोबतीस घेऊनच! हंसूं येतें. परंतु शिकवणीला निघालेल्या थोरल्या बहिणीबरोबर दहा वर्षांच्या भावास सोबत म्हणून धाडणाऱ्या आम्हांस हंसण्याचा अधिकार कितीसा?

खरा सल दुसराच होता. कृष्णवर्णीय स्त्रियांनीं मिरवणुकीच्या शेवटीं चालावें, असें त्यांस सुचविण्यांत आलें होतें. मताधिकार मागणाऱ्या बहिणींनींच बहिणींची पंगत वेगळी मांडावी! निर्भीड पत्रकार आयडा बी. वेल्स बाईंनीं तें मानिलें नाहीं. त्या वाटेंतच गर्दींत उभ्या राहिल्या आणि इलिनॉय प्रांताचें पथक येतांच त्यांत शिरल्या. तेव्हां दोघी गोऱ्या सहकारिणी त्यांच्या दोन्ही बाजूंस चालूं लागल्या. भगिनीभाव म्हणतात तो आम्हांस या दोघींच्या पावलांत दिसतो.

१९२० सालीं मताधिकार मिळाला. तरी दक्षिणेंतील प्रांतांत कर व परीक्षा यांच्या आडोशानें कृष्णवर्णीयांचीं मतें १९६५ चा कायदा होईपर्यंत अडविलीं जात. मंडळाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा सेडी अलेक्झांडर यांनीं १९२१ सालीं अर्थशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या समाजांतील कोणाही स्त्रीस ती त्यापूर्वीं मिळाली नव्हती.

३ मार्च २०१३ रोजीं त्या मिरवणुकीची शताब्दी वॉशिंग्टनमध्यें साजरी झाली. या खेपेस डेल्टा भगिनी अग्रभागीं होत्या.