परागाची साठवण : घरच्या बागेत नवे वाण घडवताना वर्ष वाचवणारी डबी

नवी दिल्ली : दोन गुलाबांचा संकर करायचा असेल, तर दोन्ही झाडे एकाच सुमारास फुललेली असावी लागतात. घरच्या बागेत नवे वाण घडवू पाहणाऱ्या अनेकांचे प्रयत्न या साध्या अटीपाशीच अडतात. सुगंधासाठी निवडलेला गुलाब डिसेंबरमध्ये फुलून जातो आणि ज्या झाडावर बी धरायचे, ते फेब्रुवारीत कळ्या धरते. एक झाड डोंगराळ भागात असते, तर दुसरे मैदानी शहरातील गच्चीवर. हंगाम हुकला की पुढील संधी थेट वर्षभराने येते. हे अंतर ओलांडण्याचा उपाय म्हणजे परागकण योग्य वेळी गोळा करणे आणि ते जिवंत ठेवणे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कागद, चिमटा, हवाबंद डबी, सिलिका जेल आणि घरातील फ्रीज एवढे पुरते. मात्र मृत पराग डोळ्यांना जिवंत परागासारखाच दिसतो. त्यामुळे साठवणीतील चूक काही आठवड्यांनी, फळ न धरल्यावरच लक्षात येते आणि तोपर्यंत बहर ओसरलेला असतो.

जुनी युक्ती

पराग दूरवर नेण्याची आणि साठवण्याची कल्पना नवी नाही. खजुराच्या झाडांत नर आणि मादी वेगवेगळे असतात. त्यामुळे नराचे फुलोरे कापून मादी झाडावर परागण करण्याची पद्धत पश्चिम आशियात प्राचीन काळापासून रूढ आहे. गुजरातमधील कच्छच्या खारीक बागांमध्येही हाताने परागण केले जाते. नर झाड लवकर फुलले तर त्याचा पराग वाळवून ठेवतात आणि उशिरा फुलणाऱ्या मादी झाडांसाठी वापरतात. युरोपात योहान गॉटलीब ग्लेडिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४९ मध्ये बर्लिन येथील फळ न धरणाऱ्या एका मादी ताडवर्गीय झाडासाठी लाइपझिगहून टपालाने पराग मागवला. त्या परागाने झाडाला फळे धरली. वनस्पतींमध्ये लैंगिक प्रजनन होते, यावर त्या काळी वाद सुरू होता. त्या वादात हा प्रयोग महत्त्वाचा पुरावा ठरला.

पराग का मरतो?

परागकण ही जिवंत पेशींची रचना आहे. तिच्यातील पाणी आणि भोवतालची उष्णता जितकी जास्त, तितकी तिची श्वसनक्रिया वेगाने चालते आणि साठवलेले अन्न लवकर संपते. दमट हवेत बुरशीही वाढते. म्हणून साठवणीचे दोन आधार आहेत : कोरडेपणा आणि थंडावा. त्यांतही कोरडेपणाला पहिले स्थान द्यावे लागते. ओलसर पराग फ्रीझरमध्ये ठेवल्यास त्यातील पाण्याचे स्फटिक बनतात आणि पेशींची आवरणे फाटतात.

सर्वच वनस्पतींचा पराग सारख्या प्रमाणात टिकत नाही. भाताचा पराग काही मिनिटांत, तर मक्याचा काही तासांत निकामी होतो. गवतवर्गीय वनस्पतींच्या परागाला वाळवण सहसा सोसत नाही. गुलाब, लिली, टोमॅटो, आंबा आणि खजूर यांचा पराग तुलनेने चिवट असतो. हौशी बागप्रेमींनी सुरुवात अशाच वनस्पतींपासून केलेली बरी.

गोळा करण्याची वेळ

गुलाबाचा पराग पूर्ण उमललेल्या फुलातून घेणे योग्य नाही. तोवर परागकोश फुटलेले असतात, मधमाश्यांनी पराग नेलेला असतो आणि त्यांच्या पायांबरोबर इतर झाडांचा पराग तेथे आलेला असतो. उमलण्याच्या बेतात असलेली, पाकळ्या सैल होऊ लागलेली कळी सकाळी दव सुकल्यानंतर तोडावी. पाकळ्या काढून पिवळे परागकोश चिमट्याने किंवा लहान कात्रीने स्वच्छ पांढऱ्या कागदावर कापून घ्यावेत. पावसात किंवा दवात भिजलेली फुले टाळावीत.

हा कागद सावलीत, वारा आणि पंखा यांपासून दूर ठेवावा. थेट ऊन किंवा ओव्हनची उष्णता परागाला मारक ठरते. १२ ते २४ तासांत परागकोश फुटून पिवळी भुकटी मोकळी होते. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या हिवाळी हवेत एवढे वाळवण पुरेसे होते. मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकाता येथील दमट हवेत मात्र कागदाची उघडी घडी सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवून वाळवणे आवश्यक असते. नंतर चहाच्या बारीक गाळणीने परागकोशांची टरफले वेगळी करावीत. ओलावा आणि बुरशी त्यांच्यातच टिकून राहते.

डबी, नोंद आणि फ्रीज

वाळलेला पराग कागदाच्या लहान पुड्यांत किंवा औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरावा. एका पुडीत एका वेळच्या वापरापुरताच पराग असावा. प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव आणि गोळा केल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण ओलाव्याने शाई पसरते. सर्व पुड्या सिलिका जेलसह हवाबंद बाटलीत ठेवाव्यात. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत.

काही आठवड्यांपुरती साठवण करायची असल्यास फ्रीजचे सुमारे ४ अंश सेल्सियस तापमान चालते. पुढील हंगामापर्यंत पराग ठेवायचा असेल, तर उणे १८ ते उणे २० अंशांचा फ्रीझर योग्य ठरतो. बाटली दारातील कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडताना तेथील तापमान सतत बदलते. संस्थात्मक पातळीवर पराग द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवला जातो आणि त्या अवस्थेत तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. बेंगळुरू येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने या तंत्रावर दीर्घकाळ काम केले आहे.

बाटली उघडण्यापूर्वी

परागाचे मोठे नुकसान अनेकदा साठवणीत न होता बाटली उघडताना होते. फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच उघडल्यास हवेतील बाष्प थंड परागावर दवाप्रमाणे जमते. म्हणून बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी, आवश्यक तेवढी पुडी काढावी आणि उरलेल्या पुड्या तत्काळ परत ठेवाव्यात. वितळलेली पुडी पुन्हा गोठवू नये.

अतिशय कोरड्या परागाला एकदम पाणी मिळणेही घातक असते. वाळलेल्या पेशीचे आवरण ताठर झालेले असते. अशा स्थितीत पाणी वेगाने आत शिरले की आवरणातून पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात. यावर उपाय सोपा आहे. पराग उघड्या बशीत घेऊन ती बशी ओला कापूस ठेवलेल्या झाकणबंद डब्यात साधारण तासभर ठेवावी. कापसाचा परागाला स्पर्श होऊ नये. परागाला केवळ बाष्प मिळते आणि आवरण हळूहळू पूर्ववत होते.

जिवंत की मृत?

वापरण्यापूर्वीची चाचणी ही या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि ०.१ ग्रॅम बोरिक आम्ल या प्रमाणात द्रावण करावे. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर चिमूटभराहूनही कमी पराग भुरभुरावा आणि काचपट्टी ओल्या कापसाच्या डब्यात ठेवावी. काही तासांनी शंभरपट मोठे दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जिवंत कणांतून बारीक नलिका फुटलेल्या दिसतात. नलिकेची लांबी कणाच्या व्यासाहून अधिक असेल, तर तो कण रुजला असे मानतात. शंभर कण मोजून टक्केवारी काढावी. गोठवण्यापूर्वी एकदा आणि वापरण्यापूर्वी एकदा अशी चाचणी केल्यास साठवणीत किती हानी झाली, हे कळते. परागाला रंग देऊन केलेल्या काही चाचण्यांत मृत कणही भरलेले दिसतात. त्यामुळे नलिका फुटणे हाच अधिक विश्वासार्ह पुरावा होय.

पराग रुजत असला, तरी मादी फुलाची तयारीही तितकीच महत्त्वाची असते. कळी उमलण्यापूर्वी तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून ती कागदी पिशवीने झाकावी. एक-दोन दिवसांत कुक्षी चिकट झाली की बारीक ब्रशने पराग लावावा, पुन्हा पिशवी बांधावी आणि दोन्ही वाणांची नावे असलेली चिठ्ठी अडकवावी. मैदानी भागात हे काम हिवाळ्यातच उरकलेले बरे, कारण फळ पिकण्यास तीन-चार महिने लागतात आणि कडक उन्हाळ्यात ते गळून पडण्याची भीती असते.

छंदापासून हक्कापर्यंत

घरच्या बागेतील संकराला भारतात मोठी परंपरा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे संशोधक होते. पण छंद म्हणून त्यांनी गुलाबाचे अनेक वाण घडवले. कोडाईकनाल येथील निवृत्त सनदी अधिकारी एम. एस. विराराघवन यांनी भारतातील जंगली गुलाबांचा संकरात वापर करून उष्ण हवामानाला साजेसे वाण तयार करण्यावर भर दिला. जंगली गुलाब बहुधा वर्षातून एकदाच बहरतात. अशा कामात साठवलेल्या परागाचे मोल अधिकच वाढते. मराठी वाचकांच्या परिचयाचा ‘रत्ना’ आंबाही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रात निर्माण झाला. हापूसमधील साक्याचा दोष त्यात नाही.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार व्यक्तीलाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते. वाण इतरांहून वेगळे, एकसारखे आणि स्थिर असावे लागते. अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात त्याची एक वर्षाहून अधिक काळ विक्री झालेली नसावी. वृक्ष आणि वेलींना कमाल १८ वर्षे, तर इतर पिकांच्या नव्या वाणांना १५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीकृत वाणाचा नवे वाण घडवण्यासाठी मूळ स्रोत म्हणून उपयोग करण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ३० ने दिली आहे. मात्र व्यापारी उत्पादनासाठी ते वाण जनक म्हणून वारंवार वापरावे लागणार असेल, तर मूळ पैदासकाची परवानगी घ्यावी लागते. परागातून काही विषाणूही पसरू शकतात. त्यामुळे परदेशातून तो टपालाने परस्पर मागवू नये; वनस्पतिजन्य आयातीस २००३ चा संगरोध आदेश लागू आहे.

गुलाबाला डोळा भरून वाढवता येत असल्याने शेकडो रोपांतून एक चांगले रोप हाती लागले तरी पुरते. तेथवर पोहोचायला अनेक हंगाम लागतात. पराग नीट वाळवला, नोंदला आणि तपासला, तर त्यांतील निदान एक तरी हंगाम वाया जाण्यापासून वाचतो.