नॉर्थॅम्प्टनची मंडळी आणि तिचे पाळक

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कनेटिकट नदीच्या काठी नॉर्थॅम्प्टन हे गाव 1654 मध्ये वसले. मूळ रहिवासी या भागाला नोनोटक म्हणत. नवी वस्ती प्युरिटन शेतकऱ्यांची होती आणि 1661 मध्ये तिथे ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. ही मंडळी काँग्रिगेशनल पद्धतीची, म्हणजे तिच्या डोक्यावर बिशप नाही आणि वरून नेमलेला धर्मगुरूही नाही. पाळक कोणाला बोलवायचे, सभासद कोणाला करून घ्यायचे, पाळक नकोसा झाला तर काय करायचे, हे सारे सभासदांच्या मतावर ठरे. या अधिकाराची खरी कसोटी लागली ती नव्वद वर्षांनी.

पहिला पाळक एलिअझर मॅथर 1669 मध्ये तरुणपणीच वारला. त्याच्या जागी आलेल्या सॉलोमन स्टॉडर्डने त्याच्या विधवेशी लग्न केले आणि 1729 मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ साठ वर्षे, मंडळी सांभाळली. प्रभुभोजनाला कोणी बसावे, हा त्या काळचा मोठा वाद होता. जुन्या प्रथेप्रमाणे देवाच्या कृपेचा अनुभव आल्याची साक्ष देणारा तोच पूर्ण सभासद. प्रभुभोजन त्यालाच आणि बाप्तिस्मा त्याच्याच मुलांना. दुसऱ्या पिढीतल्या अनेकांना अशी साक्ष देता येईना. तेव्हा 1662 मध्ये बॉस्टनच्या परिषदेने मधला मार्ग काढला: त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, प्रभुभोजन मात्र त्यांना देऊ नये. या तडजोडीला ‘अर्धा करार’ असे नाव पडले. स्टॉडर्डला एवढ्याने समाधान नव्हते. प्रभुभोजनानेच माणसाचे मन पालटू शकते, असे त्याचे मत होते. म्हणून ज्याचे वागणे चांगले आणि ज्याला धर्मतत्त्वे ठाऊक, अशा प्रत्येकाला त्याने पंक्तीत जागा दिली. गावाला हे मानवले आणि अंगवळणी पडले.

1727 मध्ये स्टॉडर्डचा मदतनीस म्हणून त्याच्या मुलीचा मुलगा जोनाथन एडवर्ड्स याला पाळकाची दीक्षा मिळाली. दोन वर्षांनी आजोबा गेले आणि सारा भार तेविसाव्या वर्षी आलेल्या या तरुणावर पडला. एडवर्ड्स अबोल आणि अभ्यासू होता. घरोघर फिरण्यापेक्षा अभ्यासिकेत बसणे त्याला आवडे. तरी 1734 च्या अखेरीस त्याच्या उपदेशांनी गाव हलले. सुमारे दोनशे कुटुंबांच्या त्या गावात सहा महिन्यांत तीनशेहून अधिक लोकांचे परिवर्तन झाले, असे त्याने लिहून ठेवले. त्याचा हा वृत्तांत 1737 मध्ये लंडनला छापला गेला आणि लहानशा गावाचे नाव अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोचले. पण 1735 च्या जूनमध्ये त्याच्या मावशीचा नवरा जोसेफ हॉली याने धार्मिक नैराश्यात आत्महत्या केली आणि ती जागृती ओसरली. 1737 च्या मार्चमध्ये भर उपासनेत जुन्या मंदिराचा सज्जा खाली बसलेल्यांवर कोसळला. जीव मात्र कोणाचाही गेला नाही.

एवढी सूक्ष्म नैतिक दृष्टी असलेल्या या पाळकाच्या घरात गुलाम होते, हेही नोंदवले पाहिजे. 1731 मध्ये त्याने न्यूपोर्टला चौदा वर्षांची व्हीनस ही मुलगी विकत घेतली. त्या विक्रीचा कागद आजही जपलेला आहे.

1740 नंतर पाळक आणि गाव यांच्यात दुरावा वाढत गेला. चलनाची किंमत घसरत होती, त्यामुळे पगारावरून दरवर्षी कुरबुर होई. 1744 मध्ये काही तरुण सुइणींसाठी लिहिलेले पुस्तक वाचून मुलींची चेष्टा करतात, असे कळले. एडवर्ड्सने चौकशीसाठी बोलवायच्या सर्वांची नावे व्यासपीठावरून वाचली, त्यांतले आरोपी कोण आणि साक्षीदार कोण हे न सांगता. प्रतिष्ठित घरे दुखावली. त्यातच आजोबांनी खुली केलेली पंक्ती चुकीची होती, असे त्याने जाहीर केले. नव्या सभासदाने आपल्या श्रद्धेची कबुली दिलीच पाहिजे, ही त्याची अट होती. ज्या पंक्तीत दोन पिढ्या निःशंकपणे बसल्या, तिच्यावरच ही शंका होती. लोकांनी ती सहन केली नाही. 22 जून 1750 रोजी त्याला पदावरून दूर करण्यात आले. त्याच्या बाजूने केवळ 23 मते पडली, विरोधात दोनशेहून अधिक. विरोधकांचा एक पुढारी म्हणजे आत्महत्या केलेल्या हॉलीचाच मुलगा. त्याने 1760 मध्ये जाहीर पत्र लिहून पश्चात्ताप व्यक्त केला.

एडवर्ड्स स्टॉकब्रिजला मूळ रहिवाशांमध्ये काम करायला गेला. तिथे त्याने आपले मोठे तात्त्विक ग्रंथ लिहिले. 1758 मध्ये प्रिन्स्टनच्या कॉलेजचा अध्यक्ष होताच, देवीची लस टोचून घेतल्यावर त्याचा मृत्यू झाला. इकडे मंडळीने 1753 मध्ये जॉन हूकरला पाळक केले. 1777 मध्ये तोही देवीनेच गेला. त्याच्यानंतर आलेला सॉलोमन विल्यम्स 1834 पर्यंत, म्हणजे छप्पन वर्षे, पदावर राहिला. गावाला वादळ नको होते आणि या दोघांच्या काळात ते आलेही नाही.

एडवर्ड्सचे विचार मात्र शिष्यांमार्फत न्यू इंग्लंडभर पसरले. नॉर्थॅम्प्टनमध्येच जन्मलेला त्याचा नातू टिमोथी ड्वाइट हा 1810 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या पहिल्या सदस्यांपैकी एक होता. या बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. 1831 मध्ये अहमदनगरला त्याचे ठाणे झाले, 1842 मध्ये तिथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले आणि 1895 मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही याच मिशनच्या मुंबईतल्या मंडळीत झाला.

नॉर्थॅम्प्टनचे मंदिर 1876 मध्ये जळाले आणि त्या जागी दगडी इमारत उभी राहिली. एडवर्ड्सला काढून टाकल्याला 150 वर्षे झाली त्याच दिवशी, 22 जून 1900 रोजी, मंडळीने तिथे त्याच्या स्मरणार्थ ब्राँझचा फलक लावला. 1988 मध्ये गावातली बॅप्टिस्ट मंडळी तिच्यात सामील झाली, आणि दोन्ही मंडळ्यांची उपासना तेव्हापासून एकाच छपराखाली होते.