प्रगत परीक्षांचे गुण आणि महाविद्यालयीन प्रवेश

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची पद्धत एखाद्या परीक्षेतील एकाच आकड्यावर उभी नाही, ही गोष्ट भारतीय वाचकाने आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे शालान्त किंवा प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून याद्या लागतात आणि यादीतील क्रमांकावरून बहुतेकांचा प्रवेश ठरतो. अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत मात्र विद्यार्थ्याची चार वर्षांची शालेय प्रगती, त्याने निवडलेले विषय, शिक्षकांची शिफारसपत्रे, त्याने लिहिलेले निबंध आणि त्याची परिस्थिती या सर्वांचा एकत्र विचार होतो. या पार्श्वभूमीवर ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत परीक्षांच्या, म्हणजेच ए. पी. परीक्षांच्या, गुणांना प्रवेशात किती महत्त्व असते, हा प्रश्न विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत: प्रगत अभ्यासक्रम घेणे, त्या अभ्यासक्रमात वर्गशिक्षकाने दिलेली श्रेणी आणि वर्षअखेरीच्या बाह्य परीक्षेतील गुण. या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली वावरत असल्या, तरी प्रवेश अधिकाऱ्याच्या तराजूत त्यांचे वजन सारखे नसते.

या योजनेचा उगम पाहिला म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांना असे आढळून आले, की हुशार विद्यार्थी शाळेच्या शेवटच्या वर्षांत जे शिकतात, तेच त्यांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकावे लागते. हा अपव्यय टाळण्यासाठी फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने दोन स्वतंत्र प्रयत्न झाले. एका प्रयत्नात तीन नामवंत खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही विद्यापीठे सहभागी होती; दुसऱ्याचा पुढाकार केनियन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स यांनी घेतला होता. पुढे १९५५ मध्ये ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने योजनेचे संचालन स्वतःकडे घेतले आणि १९५६ मध्ये तिच्या देखरेखीखाली पहिल्या परीक्षा झाल्या. विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाल्यानंतर त्याला कोणत्या पायरीवर बसवावे, हे ठरविणे हा या परीक्षांचा मूळ हेतू होता. त्याला दाखल करून घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. प्रवेशाच्या व्यवहारात त्यांचा शिरकाव नंतर झाला.

परीक्षेचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे. सुमारे चाळीस विषयांत या परीक्षा घेतल्या जातात. त्यांत कलन, भौतिकी, अमेरिकेचा इतिहास, अर्थशास्त्र, लॅटिन, संगणकशास्त्र अशा विषयांचा समावेश होतो. बहुतेक विषयांत पर्यायी उत्तरांचे प्रश्न आणि सविस्तर लिहावयाचे प्रश्न असे दोन भाग असतात. महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि शाळांतील अनुभवी शिक्षक सविस्तर उत्तरे तपासतात. अखेर विद्यार्थ्याला १ ते ५ यांपैकी एक गुण मिळतो. ५ म्हणजे अत्यंत पात्र, ३ म्हणजे पात्र आणि १ म्हणजे शिफारस नाही, असा त्याचा अर्थ आहे. विषयाची वर्गातील श्रेणी मात्र शाळेतील शिक्षक देतो, आणि बाह्य परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वीच ती विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकात नोंदली गेलेली असते.

प्रवेशाच्या संदर्भात दिनदर्शिकेचा विचार निर्णायक ठरतो. ए. पी. परीक्षा मे महिन्यात होतात आणि त्यांचे गुण जुलैमध्ये कळतात. याउलट निवडक महाविद्यालयांचे अर्ज बारावीच्या वर्षातील नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास भरले जातात आणि निर्णय मार्चअखेरपर्यंत बहुधा जाहीर होतात. याचा अर्थ असा, की बारावीत दिलेल्या परीक्षांचे गुण हाती येतात तेव्हा प्रवेशाचा निकाल लागून गेलेला असतो. म्हणून ज्या गुणांचा प्रवेशावर परिणाम होण्याची शक्यता असते, ते दहावी व अकरावीच्या, क्वचित नववीच्याही, परीक्षांचे गुण होत. बारावीच्या प्रगत विषयांपैकी प्रवेश अधिकाऱ्यापुढे येते ती केवळ विषयांची यादी आणि अर्ध्या वर्षाची श्रेणी.

शिवाय हे गुण अर्जात बहुधा विद्यार्थ्यानेच नोंदवावयाचे असतात. कोणते सांगावेत व कोणते सांगू नयेत, याची निवड सामान्यतः त्याच्याकडे असते. प्रगतिपत्रकाच्या बाबतीत असे स्वातंत्र्य नाही. तेथील प्रत्येक श्रेणी शाळेकडून जशीच्या तशी जाते. ज्याची मांडणी अर्जदार स्वतः करू शकतो, त्या पुराव्यापेक्षा ज्यात त्याला फेरफार करता येत नाही, तो पुरावा अधिक विश्वसनीय मानला जावा, हे स्वाभाविकच होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे गुणसरासरी काढताना मान्यताप्राप्त प्रगत विषयातील ‘ए’ श्रेणीला नेहमीच्या ४ ऐवजी ५ अंक धरले जातात. मात्र असा वाढीव अंक जास्तीत जास्त आठ सत्रांच्या विषयांपुरताच मिळतो. हा लाभ वर्गातील श्रेणीवर अवलंबून असतो. बाह्य परीक्षेत ५ गुण मिळाले किंवा २ मिळाले, तरी या सरासरीत फरक पडत नाही.

तथापि हे गुण निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वर्गातील ‘ए’ श्रेणीचा अर्थ शाळेगणिक बदलतो. ५ या गुणाचा अर्थ मात्र सर्वत्र एकच असतो. फारशा परिचित नसलेल्या शाळेतील विद्यार्थ्याच्या श्रेणीला अशा गुणामुळे बाहेरून पुष्टी मिळते. अलीकडच्या काही घटनांनी हे महत्त्व थोडे वाढविले आहे. सॅट परीक्षेच्या विषयवार चाचण्या २०२१ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे विषयज्ञानाचे एक स्वतंत्र माप नाहीसे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये येल विद्यापीठाने परीक्षेचे गुण पुन्हा आवश्यक केले, तेव्हा सॅट किंवा अॅक्ट यांच्याऐवजी ए. पी. किंवा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट यांचे गुण देण्याची मुभा ठेवली. अशा ठिकाणी हे गुण पूरक पुरावा न राहता मुख्य पुराव्याच्या जागी येऊ शकतात.

येथे समान संधीचा प्रश्न उपस्थित होतो. जो विषय शाळेत शिकविलाच जात नाही, त्याचे गुण विद्यार्थ्याने कोठून आणावेत? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील इंगलवुड येथील काही विद्यार्थ्यांच्या वतीने याच मुद्द्यावर राज्य सरकारविरुद्ध दावा दाखल करण्यात आला. बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले असलेल्या त्यांच्या शाळेत प्रगत विषय जेमतेम तीन होते, तर जवळच्याच संपन्न बेव्हर्ली हिल्समधील शाळेत ते कितीतरी अधिक होते. विद्यापीठ ज्या विषयांना वाढीव अंक देते, ते विषयच गरीब वस्तीतील मुलांना उपलब्ध नसतील, तर ही स्पर्धा न्याय्य कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता.

या प्रश्नाची दुसरी बाजू लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलमध्ये १९८२ साली दिसून आली. बोलिव्हियात जन्मलेले गणितशिक्षक हायमे एस्कलांते यांच्या वर्गातील १८ विद्यार्थी कलनाच्या ए. पी. परीक्षेत उत्तीर्ण झाले. कामगार वस्तीतील या शाळेकडून असे यश कोणी अपेक्षिले नव्हते. परीक्षा चालविणाऱ्या संस्थेने उत्तरांतील साम्याकडे बोट दाखवून १४ जणांविषयी संशय घेतला. त्यांपैकी १२ विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसले आणि ते सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. बाह्य परीक्षेतील गुण वंचित विद्यार्थ्याच्या हाती केवढे साधन देतो आणि तो गुण मिळवूनही त्याला आपली योग्यता पुन्हा कशी सिद्ध करावी लागते, या दोन्ही गोष्टी या एकाच घटनेत दिसतात.

म्हणूनच प्रवेश अधिकारी अर्जासोबत आलेले शाळेचे माहितीपत्रक आवर्जून पाहतात. शाळेत कोणते प्रगत विषय उपलब्ध आहेत, हे त्यावरून समजते. वीस विषय उपलब्ध असताना दोनच घेणारा विद्यार्थी आणि दोनच उपलब्ध असताना दोन्ही घेणारा विद्यार्थी यांची तुलना केवळ संख्येवरून करता येत नाही. वॉशिंग्टन परिसरातील आठ प्रतिष्ठित खाजगी शाळांनी २०१८ मध्ये ए. पी. अभ्यासक्रम क्रमाक्रमाने बंद करण्याचे जाहीर केले, तेही याच आधारावर. आपल्या स्वतंत्र अभ्यासक्रमाचे मोल महाविद्यालये जाणतात, असा त्यांना विश्वास होता. अर्थात असा विश्वास प्रसिद्ध शाळेला परवडतो. अप्रसिद्ध शाळेला तो तितकासा परवडत नाही.

गुणांचे खरे फळ पुष्कळदा प्रवेशानंतर मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ किंवा अधिक गुणांना श्रेयांक देते. फ्लॉरिडा व इलिनॉय या राज्यांत सार्वजनिक महाविद्यालयांनी ३ गुणांना श्रेयांक द्यावेत, असा कायदाच आहे. अशा श्रेयांकांमुळे काही अभ्यासक्रम टळतात आणि शुल्काची बचत होते. सुमारे १०० डॉलर परीक्षाशुल्काच्या मानाने ही बचत मोठी असते, आणि अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना या शुल्कात सवलतही मिळते. याउलट कॅलटेक असे श्रेयांक देत नाही. डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ मध्ये दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ते देणे थांबविले. मात्र विद्यार्थ्याला योग्य पायरीवर बसविण्यासाठी हे गुण वापरण्याची प्रथा त्याने कायम ठेवली. योजनेचा मूळ हेतू तेथे अशा रीतीने टिकून राहिला.

एकंदरीत पाहता क्रम असा लागतो: प्रथम शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी कठीण विषय घेणे, त्यानंतर त्या विषयांत वर्षभर चांगली श्रेणी टिकविणे आणि त्यांच्या जोडीला परीक्षेतील उत्तम गुण. ४ किंवा ५ गुणांनी अर्ज बळकट होतो. एखाद्या २ गुणाने तो सहसा बाद होत नाही. भारतातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यानेही हाच क्रम ध्यानात ठेवावा. त्याच्या शाळेत ए. पी. अभ्यासक्रम नसेल, तर त्याचे मूल्यमापन प्रामुख्याने त्याच्या मंडळाच्या अभ्यासक्रमावरून आणि त्यातील प्रगतीवरून व्हावयाचे असते. केवळ अर्ज सजविण्यासाठी बाहेरच्या परीक्षांची संख्या वाढवीत जाणे आणि त्यापायी शाळेतील अभ्यासाकडे दुर्लक्ष करणे, हा तोट्याचाच व्यवहार होय.