सरकत्या पट्ट्यावरून विमान उडेल का?

वाढवण बंदराजवळ विमानतळ उभारण्याची घोषणा झाल्यापासून डहाणू-तलासरीत विमानांच्या गप्पा वाढल्या आहेत. म्हणून हे माझं आवडतं कोडं.

समजा, धावपट्टीच्या जागी एक लांबलचक सरकता पट्टा आहे. विमान ज्या वेगाने पुढे जाईल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. विमान उडेल का?

बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण डोळ्यासमोर मोटार असते. तलासरीच्या हायवेवरची मोटार चाकांनी रस्ता मागे ढकलते, म्हणून पट्टा तिच्या चाकांच्याच वेगाने मागे सरकला, तर ती जागीच राहील. विमानाच्या चाकांना मात्र इंजिन जोडलेलंच नसतं! पंखा किंवा जेट हवेला मागे ढकलतं, चाकं नुसती फिरतात. स्केट घालून ट्रेडमिलवर उभे राहा आणि समोर बांधलेली दोरी ओढा. खाली पट्टा कितीही पळो, तुम्ही पुढेच जाल.

म्हणजे विमान उडतं. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ कार्यक्रमाने २००८ मध्ये हलकं विमान आणि मागे ओढलेली ताडपत्री घेऊन हे करून दाखवलं.

पंखांना उचल मिळते ती हवेच्या सापेक्ष वेगातून. डहाणूच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल आणि विमान त्याला सामोरं धावलं, तर जमिनीवर तेवढाच वेग कमी पुरतो. पट्ट्यावर चाकं मात्र दुप्पट वेगाने फिरतील. छोट्या विमानाला ते झेपेल. ताशी अडीचशे किलोमीटरला उडणाऱ्या जेटच्या टायरची मर्यादा ओलांडली जाईल.