हंबरडा, वात्सल्य आणि माणसाचा स्वभाव

जिवलगाच्या मृत्यूने कोसळलेला माणूस हंबरडा फोडतो, असे आपण म्हणतो तेव्हा हा शब्द गोठ्यातून आला आहे याचे भान बहुधा राहत नाही. वासरू दुरावले की गाय हंबरते. तोच हा हंबरडा. ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि आईच्या मायेला आपण दिलेले वात्सल्य हे नाव त्या वासरावरूनच पडले. पान्हा गाईला फुटतो, तसाच आईलाही. स्वभावाची विशेषणेही याच वळणाची आहेत: बुजरा, मारका, हुंदडणारा. मनुष्यस्वभावाचे हे गोठ्यातले वर्णन केवळ अलंकारिक नाही, हे मेंदूविज्ञानाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले.

या संशोधनात याक पँकसेप यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १९४३ मध्ये एस्टोनियातील तार्तू येथे झाला. महायुद्धामुळे घर सोडावे लागलेल्या कुटुंबातले हे मूल पुढे अमेरिकेत स्थिरावले. त्यांनी आपल्या विद्याशाखेला दिलेल्या नावाला मराठीत ‘भावनिक चेताविज्ञान’ म्हणता येईल. त्याच नावाचा त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, बाह्यपटलाखालील जुन्या भागांत, सात मूळ भावयंत्रणा असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शोधवृत्ती, क्रोध, भय, कामभावना, संगोपन, विरहशोक आणि क्रीडा अशी ती वर्गवारी आहे.

यांतील विरहशोकाकडे उल्हासनगरच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी कॅम्प १ ते कॅम्प ५ हे बोलण्यातले पत्ते आजही छावणीचेच आहेत. ताटातूट म्हणजे काय, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आईपासून वेगळे केलेले कुत्र्याचे पिल्लू ज्या स्वरात आक्रोश करते, त्याचा उगम मध्यमेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या या जुन्या यंत्रणेत आहे. मॉर्फिनची अत्यल्प मात्रा दिली की तो आक्रोश ओसरतो, हे पँकसेप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले. जवळच्या माणसाच्या स्पर्शाने मेंदू स्वतःच तत्सम द्रव्ये स्रवतो, असे ते मानत. पाठीवरून फिरणाऱ्या हाताचे मोल आपल्याला आधीच ठाऊक होते; त्यामागे रसायन असावे, ही कल्पना मात्र नवी होती.

क्रीडेचा शोध अधिक गमतीचा. उंदरांना गुदगुल्या केल्यास ते सुमारे ५० किलोहर्ट्‌झचा आवाज काढतात. माणसाचे कान साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतच ऐकतात, म्हणून हे ‘हसू’ यंत्रावाचून कळले नसते. बाह्यपटल लहानपणीच काढून टाकलेली उंदरांची पिल्लेसुद्धा खेळत राहतात. म्हणजे खेळण्याची ऊर्मी विचारशक्तीच्या आधीची आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभाव या यादीशेजारी ठेवून पाहावेत. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह आणि भय हे सहा जवळजवळ जुळतात. उत्साह म्हणजे शोधवृत्तीच, असे मला वाटते. जुगुप्सेला पँकसेप मूळ भावना न मानता शारीरिक संवेदना मानत. संगोपनाला भरतांकडे स्वतंत्र स्थान नाही. पण चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात वत्सल रस मान्य केला. दोन्ही परंपरांची उद्दिष्टे भिन्न असल्याने हे साम्य फार ताणू नये, पण ते नजरेआड करण्याजोगेही नाही.

या यंत्रणा सर्वांत असल्या तरी त्यांची तीव्रता व्यक्तिगणिक वेगळी असते, आणि स्वभाव घडतो तो त्यातून. पँकसेप, केनेथ डेव्हिस व लॅरी नॉर्मनसेल यांनी २००३ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली मांडली. कामभावनेविषयी लोक मोकळेपणे उत्तरे देणार नाहीत, या अंदाजाने ती त्यातून वगळली. मानसशास्त्रातील पाच प्रमुख व्यक्तिगुणांशी ताडून पाहता शोधवृत्तीचा संबंध नवे स्वीकारण्याच्या वृत्तीशी लागला, क्रीडेचा बहिर्मुखतेशी, तर संगोपन व अल्प क्रोध यांचा सौजन्याशी. भय, क्रोध आणि शोक प्रबळ असणारी माणसे भावनिकदृष्ट्या अस्थिर आढळली.

लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या अभ्यासकांना मात्र हे मान्य नाही. भावना जन्मजात साच्यात मिळत नसून अनुभव व संस्कृती यांतून रचल्या जातात, असे त्या म्हणतात. हा वाद मिटलेला नाही.

त्या प्रश्नावलीत पाच व्यक्तिगुणांपैकी उरलेला पाचवा गुण, म्हणजे कर्तव्यदक्षता, कोणत्याही मूळ भावनेशी ठळकपणे जुळला नाही. शहाडवरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याने पुढे गेले की म्हसा लागते; तेथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या जत्रेतला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. खोंड मारका आहे की बुजरा, हे जाणत्याला दावणीपाशीच कळते. तो कामाचा निघेल की नाही, हे मात्र जुंपून पाहिल्यावरच ठरते, आणि माणूस कामाला लागतो त्यालाही मराठीत जुंपून घेणे असेच म्हणतात.