नाव एक, ठिकाणे अनेक

दिल्लीस प्रथमच आलेल्या पाहुण्याने वाहनचालकास ‘सेक्टर १५’ एवढेच सांगितले, तर तो इष्ट स्थळी पोहोचेलच असे नाही. नोएडा, फरीदाबाद, गुरुग्राम आणि रोहिणी ह्या चारही ठिकाणी सेक्टर १५ आहे. वसाहतीचे नाव जोडल्यावाचून पत्ता पुरा होत नाही. संगणकाच्या भाषेतही नावांच्या अशा स्वतंत्र वसाहती असतात. त्यांस ‘नामक्षेत्र’ म्हणू.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘पायथॉन’ ही भाषा शिकविली आहे. तिचेच उदाहरण घेऊ.

पायथॉन सुरू होताच, आपण एकही ओळ लिहिण्यापूर्वी, काही नावे सिद्ध असतात. ‘प्रिंट’ मजकूर दाखविते, ‘लेन’ लांबी मोजते, ‘सम’ बेरीज करते. ही उपजत नावे होत. वर्गमूळ काढणारे ‘एसक्यूआरटी’ मात्र त्यांत नाही. ते ‘मॅथ’ ह्या विभागात असते. तो विभाग ‘इम्पोर्ट’ ह्या आज्ञेने मागवावा लागतो आणि नंतर विभागाचे नाव, टिंब व मूळ नाव असा पूर्ण पत्ता लिहावा लागतो.

सर्वच नावे आरंभीच का पुरविली जात नाहीत? ‘सीमॅथ’ नावाच्या दुसऱ्या विभागातही ‘एसक्यूआरटी’ आहे. उणे चारचे वर्गमूळ विचारले असता ‘मॅथ’ चूक दाखविते. ‘सीमॅथ’ मात्र काल्पनिक संख्येच्या रूपात उत्तर देते. पत्ता स्पष्ट असल्यामुळेच दोन्ही सुखाने नांदतात.

पत्त्यावाचून नुसते नाव आले, तर पायथॉन ते ठराविक क्रमाने शोधते: प्रथम चालू फंक्शनमध्ये, मग त्यास वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, नंतर संपूर्ण आज्ञावलीच्या पातळीवर आणि सर्वांत शेवटी उपजत नावांत. जेथे प्रथम सापडेल, तेथेच शोध थांबतो.

नवशिक्यांची एक नेहमीची चूक ह्यातूनच उद्भवते. एखादा विद्यार्थी गुणांच्या एकूण संख्येस ‘सम’ हेच नाव देतो. पुढे तो ‘सम’कडून नवी बेरीज करवू पाहतो, तेव्हा पायथॉनला आधी त्याची संख्या सापडते, आणि संख्येकडून काम करविता येत नसल्याने आज्ञावली अडते. मूळ ‘सम’ नष्ट झालेले नसते, केवळ झाकले गेलेले असते. ‘डेल’ ह्या आज्ञेने आपले नाव पुसताच ते पुन्हा प्रकट होते.

येथे निदान चूक दिसते तरी. झाकणारे नावही काही उत्तर देत असेल, तर चुकीचे उत्तर खरे मानले जाण्याचा धोका असतो. म्हणून नाव ठेवण्यापूर्वी ते आधीच कोणाचे आहे काय, हे पाहणे इष्ट होय.