गोगलगाईकडून करून घेतलेली खूण

शिस्टोसोमा या रक्तकृमीची अळी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. कातडीतून आत घुसताना ती शेपूट बाहेरच टाकते आणि रक्तावाटे आधी फुप्फुसात, मग यकृताकडे जाते. वाटेत कित्येक अळ्या गळतात. त्या कुठे गळतात हे पाहायचं तर अळीवर खूण हवी, आणि एवढ्याशा नाजूक जिवाला हात लावायची सोय नाही.

१९८०च्या दशकात हे काम गोगलगाईवर सोपवलं गेलं. या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईच्या पोटातच तयार होतात. बाधित गोगलगाई सेलेनियम-७५ असलेल्या मेथिओनिनच्या पाण्यात ठेवायच्या. मेथिओनिन हा प्रथिनांचा घटक असल्याने अळ्या तोच वापरून आपलं अंग घडवतात आणि किरणोत्सारी होऊनच बाहेर पडतात. सेलेनियम-७५चं अर्धायुष्य सुमारे १२० दिवसांचं, त्यामुळे खूण लवकर पुसत नाही.

पुढचं काम किचकट. या अळ्या उंदराच्या कातडीतून आत शिरू द्यायच्या आणि ठरल्या दिवशी उंदीर मारायचा. कातडी, फुप्फुस, यकृत वेगवेगळं काढून दाबून सपाट करायचं, वाळवायचं आणि एक्स-रे फिल्मला चिकटवून अंधारात ठेवून द्यायचं. फिल्म धुतली की एका अळीचा एक काळा ठिपका. ते मोजत बसायचं. बहुतेक अळ्या कातडीतच मरतात असा समज होता; ठिपक्यांनी बोट दाखवलं फुप्फुसाकडे. जंक्शनवर पुढची गाडी चुकली की काय होतं, हे आम्हा मनमाडकरांना कुणी सांगायला नको!

या कृमीमुळे होणारा रोग आफ्रिकेचा म्हणून सोडून देता येत नाही. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत, लघवीतून रक्त जाणाऱ्या या रोगाचं ठाणं नोंदवलं.

ठिपक्यांच्या पद्धतीत दर चित्राला एक उंदीर जातो, आणि ठिपक्यातली अळी जिवंत होती की मेलेली, हेही कळत नाही. पेट स्कॅनने दोन्ही अडचणी बऱ्याच हलक्या केल्या. वाढलेला कृमी पाचेक तासांत आपल्या कोरड्या वजनाइतकं ग्लुकोज फस्त करतो. म्हणून कॅन्सरच्या तपासणीतलं एफडीजी हे किरणोत्सारी ग्लुकोजच उंदराला टोचतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला, तो अशाच द्रव्यांसाठी. कृमी एफडीजी ओढून घेतात आणि स्कॅनवर चमकतात. प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध दिलं की तोच उंदीर पुन्हा तपासून चमक उतरलेली पाहता येते.

मात्र एफडीजीची ११० मिनिटांत निम्मी ताकद जाते. शिवाय हृदयही चमकतं, आणि एफडीजी लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशय तर सगळ्यांत जास्त. गिमवीच्या रोगातला कृमी मुक्काम ठोकतो तो नेमका मूत्राशयाभोवतीच्या शिरांत.